पहिला हेडफोन घेताना: गेमही चालला पाहिजे, रोजचं कामही

"मुलाला गेमसाठी हेडफोन हवाय, क्लासचे व्हिडिओही त्यावरच बघेल, बजेट फार नाही. काय घेऊ?" सुदामानगर असो की राजेंद्रनगर, इंदूरच्या आपल्या मराठी घरांतून हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवलेलं बरं. माझं ठाम मत आधीच सांगतो. पहिलाच घेताय आणि गेम खेळायचा आहे, तर वायरवाला घ्या, कानात नीट बसणारा घ्या, आणि माइक दुकानातच तपासा. एवढं जमलं की ब्रँड कुठला हा प्रश्न बराच मागे पडतो. आता हेच क्रमाने, कारणांसकट.

१. बाजारात जायच्या आधी फोन आणि कॉम्प्युटर उलटून बघा

हेडफोन कुठे लावायचा आहे, हे ठरल्याशिवाय घराबाहेर पडू नका. फोनला गोल जॅक आहे की फक्त टाइप-सी? कॉम्प्युटर असेल तर लॅपटॉप की डेस्कटॉप?

गोल जॅक म्हणजे ३.५ एमएम. त्याची पिन जवळून बघा. तिच्यावर दोन काळ्या रेषा असतील तर पिनचे तीन भाग झाले: डावा कान, उजवा कान आणि अर्थिंग. म्हणजे या हेडफोनला माइक नाही, किंवा असलाच तर तो या पिनमधून चालत नाही. तीन रेषा, म्हणजे चार भाग असतील, तर चौथा भाग माइकचा. फोन आणि हल्लीचे लॅपटॉप ही चार भागांची पिन ओळखतात. डेस्कटॉपला मात्र बहुतेक वेळा हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं असतात, आवाजाचं वेगळं, माइकचं वेगळं. तिथे चार भागांची पिन नुसती हिरव्या भोकात खोचली तर ऐकू येईल, पण तुमचा आवाज समोर जाणार नाही. त्यासाठी स्प्लिटर लागतो. एका बाजूला हेडफोन खोचायचं भोक, दुसऱ्या बाजूला दोन पिना, असा. शे-दोनशे रुपयांत मिळतो. दिसायला अगदी तसाच दुसरा एक स्प्लिटर असतो, एक पिन आणि दोन भोकं. तो दोघांनी मिळून गाणी ऐकण्यासाठी. दुकानदाराला नुसतं "स्प्लिटर" म्हटलं तर तो हातात यायची शक्यता बरीच, म्हणून "माइक और हेडफोन अलग करने वाला" असं स्पष्ट मागा.

फोनला फक्त टाइप-सी असेल तर दोन वाटा आहेत: टाइप-सीचाच इयरफोन, नाहीतर गोल जॅकचा इयरफोन आणि मध्ये अडॅप्टर. मी दुसरी वाट सुचवतो, कारण तोच इयरफोन उद्या लॅपटॉपला आणि गेमच्या कंट्रोलरलाही चालतो. फक्त अडॅप्टर घेताना त्यात डॅक आहे का हे विचारा. डॅक म्हणजे आकड्यांच्या रूपातला आवाज कानाला ऐकू येईल अशा विजेच्या लहरींत बदलणारी चिप. सगळ्यात स्वस्त अडॅप्टरमध्ये ही चिप नसते, नुसत्या तारा जोडलेल्या असतात, आणि असे अडॅप्टर सगळ्या फोनवर चालत नाहीत. तुमचाच फोन लावून आवाज येतो का ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. गेम तास-दीड तास चालणार असेल तर चार्जर आणि हेडफोन एकाच वेळी लावता येतील असा दुतोंडी अडॅप्टर बघा. नाहीतर ऐन मोक्याला बॅटरी संपते आणि मग हेडफोन काढून चार्जर खोचावा लागतो.

कन्सोलवाल्यांसाठी एकच गोष्ट. पीएस-फाइव्ह आणि एक्सबॉक्स या टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांवर, दोन्हींवर, साधा ब्लूटूथ हेडफोन थेट जोडता येत नाही. वायरचा मात्र कंट्रोलरच्या जॅकमध्ये सरळ लागतो.

२. वायर की ब्लूटूथ

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

ब्लूटूथमध्ये फोन आधी आवाज दाबून लहान करतो, हवेतून पाठवतो, इयरबड तो साठवतो, पुन्हा उलगडतो आणि मग वाजवतो. नेहमीच्या एसबीसी किंवा एएसी पद्धतीत या सगळ्याला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग धरा. गाणं ऐकताना हे कळतही नाही. व्हिडिओतही कळत नाही, कारण आवाज उशिरा पोचणार हे ॲपला माहीत असतं आणि ते चित्रच तेवढं मागे ठेवतं. गेममध्ये ही सोय नाही. तुम्ही बटण दाबल्यावर गोळी सुटते, चित्र मागे ठेवून चालत नाही, त्यामुळे आवाज मागून येतो. बीजीएमआयसारख्या गोळीबाराच्या गेममध्ये मागच्या जिन्यावरून कोणी चढतंय हे पावलांवरूनच कळतं. ती पावलं पाचवा भाग सेकंद उशिरा ऐकू आली की समोरचा दारात उभा असतो.

आता बॉक्सवर "गेमिंग मोड, ४० मिलिसेकंद" असं छापलेलं असतं. त्या मोडमध्ये उशीर खरोखर कमी होतो, पण किती कमी होतो हे फोनवरही अवलंबून असतं. म्हणून छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. स्वतःचा फोन जोडा, गेमच्या ट्रेनिंग ग्राउंडमध्ये जा आणि एकेक गोळी झाडा. बोट आणि आवाज यांत फट जाणवली तर तो बड गेमसाठी नाही. तेवढा वेळ नसेल तर फोनच्या कीबोर्डचा टकटक आवाज चालू करून टाइप करा, त्यातही अंदाज येतो.

ब्लूटूथची दुसरी अडचण कमी लोकांना माहीत असते. गेममध्ये माइक चालू केला की अनेक फोन आणि कॉम्प्युटर ब्लूटूथला गाण्याच्या पद्धतीवरून कॉलच्या पद्धतीवर नेतात. क्षणात आवाज चपटा होतो, डावं-उजवं जातं, सगळं जुन्या टेलिफोनसारखं ऐकू येतं. मग मुलगा म्हणतो बड खराब निघाला. बड ठीक असतो, ही त्या पद्धतीचीच मर्यादा आहे. वायरमध्ये यातलं काहीच होत नाही.

वायरशिवायच हवं असेल आणि खेळणं कॉम्प्युटरवर असेल, तर यूएसबी डोंगल सोबत येणारे २.४ गिगाहर्ट्झचे हेडसेट बघा. त्यांत उशीर फार कमी असतो. पण चांगले म्हणावे असे स्वस्तात मिळत नाहीत.

याचा अर्थ ब्लूटूथ वाईट असा नाही. सकाळी फिरताना, स्वयंपाक करताना, भंवरकुआँच्या क्लासला जाताना सिटी बसमध्ये ते सोयीचंच आहे. गेम महिन्यातून कधीतरी आणि फोनवर बोलणं रोजचं, असं असेल तर खुशाल ब्लूटूथ घ्या. एवढंच लक्षात ठेवा की इयरबडमध्ये इवलीशी बॅटरी असते, ती सहसा बदलता येत नाही, आणि दोन-तीन वर्षांत तिचा दम कमी होत जातो. वायरचा इयरफोन जपला तर त्याहून खूप टिकतो.

३. कानात, कानावर की कानाभोवती

मोठा हेडफोन म्हणजे चांगला आवाज, ही समजूत सोडून द्या. हजार-दीड हजारात कानात घालायचा चांगला इयरफोन त्याच किमतीच्या मोठ्या, दिवे लागणाऱ्या हेडसेटपेक्षा स्वच्छ वाजतो. कारण सरळ आहे: मोठ्या हेडसेटमध्ये पैसे प्लॅस्टिक, गाद्या, पट्टा आणि दिव्यांवर जातात.

इंदूरचा एप्रिल-मे आठवा. पारा चाळिशीपार, कूलर चालू, आणि कानाभोवती रेक्झिनच्या गाद्या. अर्ध्या तासात कान ओले होतात, आणि घामाने ते रेक्झिन वर्ष-दीड वर्षात पापुद्रे सोडायला लागतं. मोठाच हेडफोन हवा असेल तर कापडी किंवा जाळीदार गाद्यांचा घ्या आणि गाद्या वेगळ्या मिळतात का ते विचारा. चष्मा असणाऱ्यांनी चष्मा घालूनच बघावा. काडीमुळे गादी कानापासून उचलली जाते, आवाज गळतो आणि तासाभराने कानामागे दुखायला लागतं.

कानातल्या इयरफोनचं सगळं यश रबरी टिपेवर आहे. बॉक्समध्ये लहान, मध्यम, मोठ्या अशा जोड्या येतात आणि बहुतेक लोक लावून आलेली मध्यम टिप कधी बदलतच नाहीत. असं करून बघा: उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यामागून नेऊन कान जरा वर आणि मागे ओढा, उजव्या हाताने इयरफोन हलकेच फिरवत आत न्या, मग कान सोडा. नीट बसला असेल तर पंख्याची घरघर एकदम दूर जाते आणि बोललात तर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. तसं झालं नाही, तर एक माप मोठी टिप लावा. कानात टोचत असेल तर एक माप लहान. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागणं अगदी नेहमीचं आहे. फट राहिली की जड आवाज सगळा गळून जातो, आणि लोक तेवढ्यावरून "याला बेसच नाही" म्हणून चांगला इयरफोन परत करतात.

फोनवर खेळणाऱ्यांनी पिनचा आकारही बघावा. फोन आडवा धरल्यावर सरळ पिन थेट तळव्यात टोचते आणि तिथेच वाकून तार तुटते. काटकोनातली, एलसारखी पिन बोटांच्या मधून निघून जाते.

४. बॉक्सवरचं काय वाचायचं, काय सोडायचं

"५० एमएम ड्रायव्हर" हा फक्त आत हलून आवाज काढणाऱ्या पडद्याचा आकार आहे, त्यावरून आवाजाची प्रत कळत नाही. "२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" जवळपास प्रत्येक बॉक्सवर असतं, सोडून द्या. ब्लूटूथ ५.० की ५.३, याने आवाज गोड होत नाही. ओहमचा, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचा, आकडा मात्र बघा. फोनला लावायचा असेल तर १६ ते ३२ ओहमचा घ्या, तो पुरेसा मोठा वाजतो.

"७.१ सराउंड" लिहिलेल्या स्वस्त हेडसेटमध्ये सात स्पीकर नसतात. दोनच असतात, बाकी सॉफ्टवेअरचं काम. तसलं सॉफ्टवेअर विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज सॉनिक या नावाने फुकटच आहे. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

एएनसी आणि ईएनसी ही दोन नावं सारखी दिसतात आणि त्यातच गल्लत होते. एएनसी बाहेरचा गोंगाट तुमच्या कानापर्यंत येऊ देत नाही. तीही बसच्या इंजिनची किंवा कूलरची एकसारखी घरघर चांगली कापते, माणसांचं बोलणं तेवढं नाही. ईएनसी तुमच्या माइकमधला गोंगाट कमी करते, म्हणजे फायदा समोरच्याला. हजाराच्या आतल्या बऱ्याच बडवर मोठ्या अक्षरांत ईएनसी लिहिलेलं असतं आणि घेणारा समजतो की आता बाहेरचं काही ऐकू येणार नाही. तुम्हाला काय हवंय ते ठरवून मगच ते अक्षर शोधा.

आणि ते दिवेवाले हेडसेट. त्यांतल्या अनेकांना दोन वायरी असतात, एक गोल पिन आणि एक यूएसबी. यूएसबी नुसती दिव्यांसाठी असते, आवाज गोल पिनमधूनच येतो. यूएसबी लावली, आवाज येत नाही, अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारतो.

५. किती पैसे काढायचे

किमती सेलप्रमाणे वरखाली होतात, म्हणून हे अंदाज समजा. तीनशे ते सातशेत मोठ्या कंपन्यांचे साधे वायरचे इयरफोन मिळतात: बोटचा बेसहेड्स १००, जेबीएलचा सी१००एसआय, रिअलमीचा बड्स २, या जातीचे. माइक असतो, क्लास आणि कॉलला उत्तम. यांचा आवाज बेसकडे झुकलेला असतो.

माझी खरी शिफारस सातशे ते दोन हजारांच्या मधली आहे. या किमतीत केझेड, मूनड्रॉप, सेव्हनहर्ट्झ अशा चिनी कंपन्यांचे आयईएम, म्हणजे इन-इयर मॉनिटर, मिळतात. कानामागून वायर नेऊन घालायचे, रंगमंचावर गायक घालतात तसे. यांतल्या अनेकांची वायर इयरफोनपासून वेगळी काढता येते. वायर तुटली की दोन-तीनशेची नवी वायर लावायची, इयरफोन तोच. गेममध्ये कोण कुठून येतंय हे या वर्गातल्या इयरफोनवर फार स्पष्ट कळतं. एकच जपा: एकाच मॉडेलचे माइकवाला आणि बिनमाइकचा असे दोन प्रकार येतात, ऑर्डर करताना नीट वाचा.

मोठा हेडसेटच हवा, पुढे आलेला माइक हवा, मित्रांशी बोलत तासन् तास कॉम्प्युटरवर खेळायचंय, तर तीन-चार हजार जमेपर्यंत थांबा आणि हायपरएक्स क्लाउड स्टिंगरसारखा साधा, बिनदिव्यांचा घ्या. त्याचा माइक वर फिरवला की बंद होतो, घरात कोणी हाक मारली तर तेवढी सोय फार उपयोगी पडते. हजाराच्या हेडसेटपेक्षा तेवढे दिवस सातशेचा इयरफोन वापरणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

६. बाजारात

इंदुरात फोनच्या सामानासाठी जेल रोडचं डॉलर मार्केट आणि कॉम्प्युटरच्या सामानासाठी आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल. ऑनलाइन दोन पैसे कमी लागतात खरे, पण दुकानात घालून बघता येतं, आणि पहिल्या खरेदीला त्याची किंमत मोठी आहे. टिपा कानात कशा बसतात हे फोटोवरून कळत नाही.

मोठ्या बाजारात अस्सल माल असतो तशी हुबेहूब नक्कलही असते. बॉक्सवर एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला असलाच पाहिजे, तसा कायदा आहे. बिनवायरच्या हेडफोनला भारतीय मानक ब्युरोची नोंदणीही सक्तीची आहे. आर अक्षराने सुरू होणारा तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाका, कोणाच्या नावावर आहे ते तिथेच दिसतं. दुसऱ्याच मालाचा निघाला तर बॉक्स परत ठेवा.

मग तपासणी. "भिया, चला के देख लूँ?" म्हणायला संकोच करू नका. आधी डावा-उजवा बरोबर वाजतो का ते बघा. मग एक ओळखीचं गाणं लावा, शक्यतो तबला असलेलं एखादं भावगीत. डग्ग्याचा घुमारा आणि तबल्याची चाट दोन्ही वेगळी ऐकू आली पाहिजे. नुसता घुमारा येत असेल आणि चाट त्यात बुडत असेल, तर गेममधली पावलंही स्फोटांत अशीच बुडणार. पुढे फोनचा रेकॉर्डर चालू करून दहा-पंधरा सेकंद बोला आणि ऐका, जेल रोडच्या गर्दीत माइकची खरी परीक्षा होते. शेवटी गाणं चालू असताना पिनजवळ आणि दोन वायरी जिथे वेगळ्या होतात तिथे हलकेच हलवून बघा. खरखर आली तर दुसरा पीस मागा.

बिल पक्कं घ्या, जीएसटी नंबर असलेलं. वॉरंटी बहुधा एक वर्षाची असते आणि बिलाशिवाय ती कागदावरच राहते. छापील बिलाची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा. दुकानदार आणि कंपनी दोघांनीही दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

७. घरी आल्यावर

व्हॅलोरंट खेळत असाल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये एचआरटीएफ चालू करा, वर-खाली आणि मागे-पुढे जास्त नीट कळतं. ते चालू असताना हेडसेटचं ७.१ किंवा विंडोज सॉनिक बंद ठेवा. दोन्ही एकावर एक चढले की दिशा बिघडते. इक्वलायझरमध्ये, म्हणजे जड-बारीक आवाज कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये, बेस वाढवण्याऐवजी थोडा कमी करा, पावलं उठून येतील.

आवाजाच्या पातळीबाबत मी अजिबात सूट देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात. ९० डेसिबलला तेच फक्त ४ तास उरतात. लहान मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची. घरात डेसिबल मोजायचं यंत्र नसतं, तेव्हा फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका, मधे मधे कानांना विश्रांती द्या. खेळून उठल्यावर कानात शीळ वाजत राहिली तर आवाज जास्त होता. त्यातून गेलेलं ऐकणं परत येत नाही, म्हणून मुलाच्या फोनमध्ये आवाजाची मर्यादा सेटिंगमधूनच घालून ठेवा. इथे चांगल्या बसणाऱ्या टिपेचा आणखी एक फायदा: बाहेरचा गोंगाट अडला की आवाज आपोआप कमी ठेवला जातो. आणि गाडी चालवताना दोन्ही कान मोकळे.

वायर फोनभोवती घट्ट गुंडाळू नका, चार बोटांवर सैल वेटोळं करून डबीत ठेवा. काढताना पिन धरून काढा, वायर ओढून नाही. टिपा काढून आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा. इयरफोनच्या जाळीवर मळ साचला की एका कानाचा आवाज कमी होतो. कोरड्या मऊ ब्रशने, जाळीचं तोंड खाली धरून झाडा, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो.

बड किंवा त्यांची डबी फुगलेली दिसली तर पुन्हा चार्जिंगला लावू नका. आत लिथियमची बॅटरी असते. ती ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. आपल्याकडच्या घंटागाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, गाडीवाल्या भैयाला सांगून त्यातच द्या.